कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले लिबरेटर: एका प्रतिकृती-संचाचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धातील बी-24 लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाचा 1/72 प्रमाणातील प्लॅस्टिकचा संच मी गेल्या उन्हाळ्यात भुसावळला घरी जोडला आणि रंगवला. मला युद्धात झिजलेले, धुराने काळवंडलेले विमान करायचे नव्हते. 1944 च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील विलो रन येथील फोर्डच्या कारखान्यातून साधारण दर तासाला एक विमान बाहेर पडत असे, त्यांपैकी एखादे पहिल्या दिवशी जसे दिसले असेल तसे ते हवे होते. संच या कामासाठी घेण्यासारखा आहे. त्यासोबत आलेला रंगतक्ता मात्र बाजूला ठेवावा लागतो.

जोडणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण भाग एकमेकांत नीट बसतात आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बारीक, कोरीव आहेत. पंखांची लांबी साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरते, तेव्हा ठेवण्याची जागा आधी पाहून घ्यावी. या विमानाला पुढे नाकाखाली चाक असल्यामुळे नाकात वजन भरले नाही तर प्रतिकृती शेपटीवर बसते. तापीकाठी मासेमारीच्या जाळ्यांना बांधतात त्या शिशाच्या गोळ्या मी त्यासाठी वापरल्या.

रंगतक्त्यात संपूर्ण विमानापुढे ‘चंदेरी’ एवढा एकच शब्द आहे. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने वजन, वेळ आणि मजुरी वाचवण्यासाठी 1944 च्या सुरुवातीपासून नव्या बॉम्बरना वरून ऑलिव्ह ड्रॅब हा मळकट हिरवा आणि खालून करडा रंग देणे थांबवले, हे खरे आहे. पण त्यानंतर दिसू लागले ते चंदेरी रंगवलेले विमान नव्हते, तो उघडा पत्रा होता. तांबे मिसळलेले ड्युराल्युमिन मजबूत असते पण लवकर गंजते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवत. त्या पत्र्याला अल्क्लॅड म्हणत. तो रंगाशिवाय टिकत असे आणि प्रत्येक पत्रा लाटताना ज्या दिशेने गेला असेल त्याप्रमाणे प्रकाश वेगळा परतवत असे. आपल्याकडे एखाद्या जिनिंगच्या नव्या छपराकडे सकाळी पाहावे. सगळे पत्रे एकाच आठवड्यात बसवलेले असूनही एक उजळ, शेजारचा किंचित मंद दिसतो. नव्या लिबरेटरच्या अंगावर असाच फरक होता आणि तो धुळीने किंवा वापराने आलेला नव्हता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या विमानाच्या पंखांवरील एलेरॉन, शेपटीचे एलेव्हेटर आणि दोन्ही रडर या विमानाची दिशा बदलणाऱ्या हलत्या भागांवर धातूचा पत्रा नसून कापड ताणलेले असे, आणि त्या कापडाला ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेले डोप, म्हणजे कापड ताठ करणारे वार्निश, लावत. त्यामुळे हे भाग राखाडीकडे झुकणारे, झळाळी नसलेले दिसत. पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडांना बर्फ झटकण्यासाठी काळ्या रबरी पट्ट्या असत आणि वैमानिकाच्या काचेपुढे चकाकी डोळ्यांवर येऊ नये म्हणून ऑलिव्ह ड्रॅबचा पट्टा असे. तक्त्यात रबरी पट्ट्या दाखवल्या आहेत, कापडाचा मात्र उल्लेखही नाही, आणि एवढ्या मोठ्या चुकीने जाणत्या माणसाला विमान लगेच खोटे वाटते.

अशा कामात संग्रहालयातील विमानांवर विसंबू नये, असे माझे मत आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली, 1948 पासून ती भारतीय हवाई दलात होती आणि 1968 मध्ये निवृत्त झाली; जगात आज उरलेल्यांपैकी काही त्यांतलीच आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु त्यांच्यावर पुढे कितीदा रंग चढला आणि उतरला याचा विचार केला, तर पहिल्या दिवसाच्या रूपाचा पुरावा म्हणून ती चालत नाहीत. त्यापेक्षा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केलेली, 1942 मध्ये फोर्टवर्थच्या कॉन्सॉलिडेटेड कारखान्यात काढलेली रंगीत छायाचित्रे पाहावीत. ती आधीच्या काळातील असली, तरी आतल्या भागांना लावलेल्या झिंक क्रोमेट या गंजरोधक रंगाच्या पिवळ्या-हिरव्या छटा ठरवायला त्यांची फार मदत होते.

रंगाच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून आणलेल्या चंदेरी स्प्रेचे कण इतके जाड होते की पंख चमकीच्या कागदासारखा दिसू लागला. 1/72 प्रमाणात प्रत्येक कण डोळ्याला बहात्तर पटींनी मोठा वाटतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. तो रंग पूर्ण काढून मी व्हॅलेजो कंपनीचे मेटल कलर घेतले. बाटली 32 मिलिलिटरची, रंग पाण्यावर आधारित, आणि पातळ न करता थेट एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनमध्ये, घालता येतो. खाली चकचकीत काळा थर देऊन वरून अगदी विरळ फवारे मारले, की सराफाने ओप दिल्यासारखा पृष्ठभाग येतो. मुख्य अंगाला ॲल्युमिनियम, मोजक्या पत्र्यांना व्हाइट ॲल्युमिनियम आणि ड्युराल्युमिनियम, आणि कापडी भागांना डल ॲल्युमिनियम दिले. या शेवटच्या भागांखाली काळा थर न देता करडा दिला, म्हणजे झळाळी आपोआप दबते. मे महिन्यात आपल्याकडील उन्हात कोणताही पाण्याचा रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळू लागतो, त्यामुळे हे काम पहाटे सहाच्या आत उरकावे.

डेकलच्या, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या, कागदाबद्दलची तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकी विमानांवरील ताऱ्याच्या बोधचिन्हाभोवती त्यात लाल कड छापली आहे. ती कड 1943 च्या जूनअखेरीस आली आणि ऑगस्टमध्ये तिच्या जागी निळी कड ठरली, त्यामुळे 1944 च्या उघड्या पत्र्यावर ती बसत नाही. मी जुन्या शिल्लक कागदातील निळ्या कडेची चिन्हे लावली, आणि शेपटीवरील क्रमांक रंगवलेल्या विमानासारखा पिवळा न ठेवता काळा केला. तुकडीचे चिन्ह, नाकावरचे चित्र, एक्झॉस्टचा डाग, यांतले काहीही लावले नाही, कारण विलो रनच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला यांपैकी काहीच मिळालेले नसते.