अडापॅलीन-बेंझॉइल पेरॉक्साइड जेल: साडेचार महिने वापरल्यावर

मुरुमांवरच्या या जेलला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टॉवेलांचा कापला.

वय २९, राहते गोव्यात डिचोलीला, साखळीच्या प्राथमिक शाळेत शिकवते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे मुरुम. तिसरीतल्या एकाने विचारलं, "बाई, डास चावले?" आईचं निदान ठरलेलं: बांगडे उष्ण, ते बंद कर. मग एका फार्मसीवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं क्रीम लावलं. आठ दिवसांत चेहरा कसा तुकतुकीत! बंद केल्यावर पुळ्या दुपटीने आल्या. नंतर ट्यूबवर वाचलं, क्लोबेटासॉल. म्हणजे स्टेरॉइड. चूक माझीही, आधी वाचायला हवं होतं.

जुलैत म्हापशाला त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांचा गुण जबरदस्त, पण अधूनमधून रक्त तपासून यकृत आणि चरबी बघावी लागते, ओठ फुटतात, आणि गोळ्या चालू असताना व संपल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. माझं लग्न जानेवारीत. दुसरी वाट हे जेल, अडापॅलीन ०.१ आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, सोबत सुरुवातीचे सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, १०० मिलिग्रॅम. मी जेल घेतलं. दिवस राहायचा विचार असेल तर हेही थांबवायचं, हे त्यांनी तेव्हाच बजावलं.

वाटाण्याएवढं जेल, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळीकडे पातळ. नुसतं पुळीवर टेकवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी हौसेने दुप्पट लावलं आणि नाकाच्या कडेची कातडी सोलून निघाली. मग एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर, असं करत सावरले. तिसऱ्या आठवड्यात मुरुम आणखी वाढले. बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, तरी रडू आलं, कारण नेमकी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मूळ घरी पन्नास माणसं, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) सगळ्यांचा फोटो, आणि मी मुद्दाम काकीच्या मागे.

डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर भांडंभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. मी एकदा झाले, रात्रभर छातीत जळजळलं. ऊनही बाधतं. स्कूटरवर हात भाजले, सनस्क्रीन चेहऱ्यालाच लावत होते ना!

फरक दिसला तो दहाव्या आठवड्यानंतर. आता नवीन मोठा मुरुम महिन्यातून एखादा. तपकिरी डाग आहेत, पण फिके होत चाललेत. डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरायचं, तेही बंद केलं; त्याचा वाटा किती, देव जाणे.

टॉवेलांचं सांगते. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं. आईचा निळा टॉवेल, माझी मरून उशी, दोन्हींवर नारिंगी-पांढरे ढग. साबणाने जात नाहीत, कारण तो डाग नाहीच, रंगच गेलेला असतो. पांढरी उशी, पांढरा टॉवेल पहिल्या दिवशीच काढून ठेवा.

बांगडे एक दिवसही सोडले नाहीत. आईला वाटतं, सोडले म्हणूनच गुण आला. मी शाळेच्या डब्यात नेते.