उघड्यावरच्या विणकामासाठी लोकर कोणती घ्यावी: चार धाग्यांचा एका पावसाळ्यातील अनुभव

पुण्यातील आमच्या गृहसंस्थेत गेल्या जून महिन्यात आम्ही चौदा जणींनी आणि दोन निवृत्त काकांनी मिळून आवारातील बकुळीचा आणि दोन कडुनिंबांचा बुंधा, फाटकाचे गज आणि शेजारच्या शाळेच्या कुंपणाची जाळी लोकरीने सजवली. परदेशात या प्रकाराला यार्न बॉम्बिंग म्हणतात. आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी त्याला ‘झाडांची गोधडी’ असे नाव दिले आणि आमच्यात तेच रूढ झाले. या कामात चार प्रकारचे धागे वापरले गेले: चार पदरी ॲक्रिलिक, सुती दोरा, अस्सल मेंढीची लोकर आणि हल्ली मुलींना फार आवडणारा मखमली धागा. हे सर्व धागे सुमारे तीन महिने उघड्यावर राहिले. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर धाग्याची जाडी, सुईचा क्रमांक आणि धुण्याची सूचना असते, परंतु श्रावणातल्या सरीत तो धागा कसा वागेल हे कोठेही लिहिलेले नसते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

घरातल्या स्वेटरसाठी जी लोकर उत्तम, ती या कामासाठी उत्तम असेलच असे नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात मॅग्डा सायेग यांनी २००५ मध्ये आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेले वेष्टण चढवले, आणि आज ओळखल्या जाणाऱ्या यार्न बॉम्बिंगची सुरुवात बहुधा त्या मुठीपासून सांगितली जाते. मुठीएवढ्या कामाला घरात उरलेला कोणताही गुंडा पुरतो. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या मारियाने यॉर्गेनसन यांनी, इराक युद्धातील आपल्या देशाच्या सहभागाचा निषेध म्हणून, कोपनहेगनमध्ये एक अख्खा रणगाडा गुलाबी विणकामाने झाकला; त्यासाठी निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी विणून पाठवलेले, प्रत्येकी १५ सेंटिमीटरचे चार हजारांहून अधिक चौकोन जोडण्यात आले. शेकडो हातांनी विणलेले तुकडे एका सांध्यात बसवायचे म्हटले की धाग्याची निवड हाच सर्वांत मोठा निर्णय ठरतो. सामूहिक कामासाठी धागा पारखताना मी म्हणूनच एक प्रश्न सर्वांत आधी विचारते, की हा धागा घट्ट हाताच्या आणि सैल हाताच्या बाईला सारखाच सामावून घेतो का.

या कसोटीवर चार पदरी ॲक्रिलिक लोकर स्पष्टपणे पुढे आहे. आम्ही ती रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतली. दुकानदारांनी प्रत्येक रंगाचे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना हे स्वतः पट्टीवरचे क्रमांक जुळवून पाहिले, आणि न उघडलेले गुंडे परत घेण्याची तयारी दाखवली. सोळा जणांसाठी खरेदी करताना या दोन गोष्टी भावातल्या सवलतीपेक्षा अधिक मोलाच्या वाटल्या. लॉट वेगळा असला तर मोरपंखी आणि मोरपंखी यांच्यातला फरक दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही, उन्हात मात्र दहा पावलांवरून जाणवतो.

विणताना या लोकरीने सर्वांना सांभाळून घेतले. आम्ही सगळ्यांना ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि एकच नमुना दिला होता: मधोमध साखळीचे कडे, त्यावर खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांच्या, चार फेऱ्या. तरीही पहिल्या आठवड्यात जमा झालेले चौकोन साडेतेरा सेंटिमीटरपासून सतरा सेंटिमीटरपर्यंत भरले. ज्यांचे बालपण रुखवतातले रुमाल आणि दाराची तोरणे विणण्यात गेले त्यांचा हात घट्ट होता, आणि ज्या प्रथमच शिकत होत्या त्यांचा सैल. मग आम्ही फेऱ्या मोजणे सोडून दिले आणि प्रत्येकीला पंधरा सेंटिमीटरचा पुठ्ठा कापून दिला; चौकोन पुठ्ठ्याएवढा झाला की थांबायचे, फेऱ्या कितीही होवोत. शेवटची मुक्या खांबाची (आखूड टाक्याची) किनार मात्र आम्ही दोघींनीच सर्व चौकोनांना घातली. ॲक्रिलिक लवचीक असल्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरचा उरलेला फरक त्या किनारीत मुरून गेला. सुती दोऱ्यात हे जमले नाही, कारण त्याला ताण घेण्याची सवयच नाही. लहान चौकोन लहानच राहिला आणि जोडावर चुण्या पडल्या.

याच ठिकाणी सुती दोऱ्याची बाजूही मांडायला हवी. सुती चौकोन ओला करून, टाचण्यांनी ताणून वाळवला तर तो हवा त्या मापात बसतो आणि त्याचे टाके एखाद्या कोरीव कामासारखे स्वच्छ उठून दिसतात. ॲक्रिलिकला पाण्याने असे वळण लागत नाही. त्याला वाफ द्यावी लागते, आणि वाफ देताना इस्त्री जराशी टेकली तरी लोकरीचा जीव जाऊन ती कायमची लोंबकळते. आमचे दोन चौकोन असे वाया गेले. जाळीदार नमुना, फुलांच्या पाकळ्या, बारीक झालर असे काम करायचे असेल तर मी आजही सुती दोराच घेईन, जरी तो आम्हाला ॲक्रिलिकच्या जवळपास दुप्पट भावाने पडला तरी.

पावसाने दोघांमधला खरा फरक दाखवला. कापसाचा तंतू स्वतः पाणी पितो; ॲक्रिलिकचा तंतू जवळजवळ पीत नाही, पाणी फक्त पदरांच्या मधल्या जागेत अडकून राहते. बकुळीवरचा सुती पट्टा बांधण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६२० ग्रॅम भरला होता. दोन दिवसांच्या संततधारेनंतर तोच पट्टा सोडवून तोलला तेव्हा तो दीड किलोच्या पुढे गेला होता आणि स्वतःच्या वजनाने वीतभर खाली सरकलेला होता. आषाढ संपेपर्यंत त्याच्या आतल्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके आले. त्यातला लाल दोरा पक्क्या रंगाचा म्हणून विकला गेला होता, पण पहिल्याच पावसात त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला. या एका गोष्टीचे मला फार वाईट वाटले, कारण तो पांढरा भाग ज्या मुलीने विणला होता तिचे ते आयुष्यातले पहिले क्रोशाकाम होते. रंगीत सुती दोरा उघड्यावर वापरण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा कोमट पाण्यात पांढऱ्या फडक्यासोबत रात्रभर ठेवून पाहावा, असे मी आता प्रत्येकीला सांगते. कडुनिंबावरचे ॲक्रिलिक उघडीप मिळाली की दुसऱ्या दुपारपर्यंत वाळत असे. पश्चिमेच्या उन्हात गडद गुलाबी थोडा विटला. पिवळा, मोरपंखी आणि विटकरी हे रंग मात्र तीन महिन्यांनंतरही ओळखू येतील इतके ताजे होते. ऊन सोसण्याच्या बाबतीत ॲक्रिलिक हा चांगला तंतू आहे, बाहेरच्या छतांची आणि पडद्यांची कापडे त्याचीच बनवतात, आणि ते आमच्या लोकरीतही दिसून आले.

मेंढीच्या लोकरीविषयी थोडक्यात सांगते: ती फार सुंदर दिसते आणि या कामासाठी घेऊ नये. ती महाग आहे, भिजून आटते, आणि कसरीला आमंत्रण देते. मखमली धाग्याचे टाके विणतानाच दिसत नाहीत, त्यामुळे नवशिक्यांना तो अजिबात देऊ नये. पावसानंतर तो ओल्या मांजरासारखा चिकटला आणि पुन्हा फुलला नाही.

आता कुंपणावरच्या भरतकामाविषयी, कारण संपूर्ण उपक्रमात मला सर्वांत समाधान त्याने दिले. शाळेच्या कुंपणाला दोन इंची चौकोनी घरांची वेल्डेड जाळी आहे. मॅटीच्या कापडावर घरे मोजून आपण फुली टाका घालतो, तसाच टाका या जाळीवर घालता येतो. फक्त घर पाच सेंटिमीटरचे असते आणि भरणारी व्यक्ती कुंपणाच्या एका बाजूला उभी राहून लोकर पलीकडच्या व्यक्तीच्या हाती देते. स्पेनमधील राकेल रोद्रिगो यांनी इमारतींच्या दर्शनी भागांवर धातूच्या जाळीच्या आधारे असे महाकाय फुली टाके घातले आहेत, आणि त्यांच्या कामाची छायाचित्रे पाहूनच आम्हाला हे सुचले. आलेखाच्या वहीत ३० घरे रुंद आणि २४ घरे उंच अशी पारिजातकाची फांदी आखली. कुंपणावर ती दीड मीटर रुंद आणि एक मीटर वीस सेंटिमीटर उंच झाली. ॲक्रिलिकचे चार धागे एकत्र घेतले तरच घर नीट भरते, तीन घेतले तर जाळीची तार मधून डोकावते. सुईची गरज लागत नाही. धाग्याच्या टोकाला बुटाच्या नाडीसारखी चिकटपट्टी गुंडाळली की सहा वर्षांचे मूलही टाका घालू शकते. मधल्या सुट्टीत मुले रांग लावून येत. काहींच्या फुल्यांची वरची तंगडी उलट दिशेने पडली आहे, आणि आम्ही ती तशीच ठेवली. एरवी फुली टाक्यात मी हा दोष कोणालाही माफ करत नाही.

झाडांच्या बाबतीत लोकरीइतकीच बांधणीकडे नजर हवी. बुंध्याच्या घेरापेक्षा पट्टा दहावा हिस्सा कमी रुंद विणावा, म्हणजे तो ताणून बसतो आणि सरकत नाही. मात्र तो खिळे, स्टेपल किंवा चिकटपट्टीने कधीही लावू नये, त्याच लोकरीने नाडी ओवावी तसा मागच्या बाजूने ओवावा. धाग्यांची लोंबती टोके आत खोचून कापून टाकणे फार महत्त्वाचे आहे. आमच्याकडे खारींनी घरट्यासाठी दोन ठिकाणी लोकर ओढून काढली, आणि असे लांब धागे पक्ष्यांच्या पायात गुंतू शकतात, म्हणून त्या दिवसापासून आम्ही दर रविवारी कात्री घेऊन फेरी मारू लागलो. विजेच्या खांबाला किंवा पेटीला लोकर लावू नये, कारण ॲक्रिलिक सहज पेटते आणि वितळून चिकटते. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत तर ते झाडांवर असूच नये.

ॲक्रिलिकचा सर्वांत मोठा दोष मला मान्य आहे आणि तो मी झाकणार नाही: ते प्लास्टिक आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कापडाच्या एका धुलाईतून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असे आढळले. उन्हापावसात झिजणारी लोकर मातीत काहीच सोडत नसेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणूनच अशी सजावट लावतानाच ती उतरवण्याचा दिवस ठरवलेला असावा आणि उतरवलेल्या कामाचे पुढे काय करायचे हेही ठरलेले असावे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २०१३ मध्ये अँडी वॉरहॉल पुलावर पाचशेहून अधिक विणलेले पट्टे लावले गेले होते, आणि ते उतरवल्यावर धुऊन पांघरुणे म्हणून गरजूंना देण्यात आले. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाच्या बायकांनी ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण जोडून गिनेस विक्रम केला. एवढी विणणारी माणसे आपल्या देशात एकत्र येऊ शकतात, तर झाडांवर सडून जाणाऱ्या लोकरीची जबाबदारीही आपण घेऊ शकतो, असे मला मनापासून वाटते.

हंगामाविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. यार्न बॉम्बिंगचा आंतरराष्ट्रीय दिवस ११ जूनला असतो. तो २०११ मध्ये कॅनडातून सुरू झाला, आणि तिकडच्या उन्हाळ्याला ती तारीख शोभून दिसते. आम्ही उत्साहाने तोच मुहूर्त धरला आणि चार दिवसांत पाऊस आला. महाराष्ट्रात या कामाचा खरा काळ तुळशीच्या लग्नानंतर होळीपर्यंतचा आहे. त्या कोरड्या दिवसांत सुती दोराही टिकेल, बुरशीचा प्रश्न येणार नाही, आणि मग झाडांवर प्लास्टिकची लोकर चढवण्याची गरजच उरणार नाही. तेव्हा माझी शिफारस अशी आहे: पावसाळ्यात आणि कुंपणाच्या जाळीवर चार पदरी ॲक्रिलिक, हिवाळ्यात आणि झाडांवर रंग तपासून घेतलेला सुती दोरा. ॲक्रिलिक पहिल्यांदा घेणाऱ्यांनी १०० ग्रॅमचे गुंडे घ्यावेत, लहान गुंड्यांत गाठी फार येतात, आणि प्रत्येक रंगाचा एक गुंडा शेवटपर्यंत न फोडता ठेवावा.

कडुनिंबांवरचे पट्टे आम्ही गणपतीपूर्वी उतरवले, बादलीत भिजवून जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी गाळून टाकले, आणि त्यांची तीन पांघरुणे जोडली. दोन आमच्या रात्रपाळीच्या रखवालदारांकडे गेली, तिसरे आजींनी मागून घेतले. कुंपणावरचा पारिजातक शाळेच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठेवण्याची विनंती केली आहे. त्याच्या खालच्या पानाचे चार टाके मुलांच्या दप्तरांनी घासून सुटले आहेत, आणि ते भरायला त्याच लॉटचा एक हिरवा गुंडा माझ्या कपाटात अजून बंद आहे.