उतार मोजणारा रेंजफाइंडर: डोंगरदऱ्यांतल्या गोल्फ कोर्सवर आठ महिने

लेझर रेंजफाइंडर, म्हणजे झेंड्यापर्यंतचं अंतर मोजणारी गोल्फची दुर्बीण, घेतला तो एकाच कारणासाठी. डोंगरातल्या रिसॉर्टवर पहिल्यांदा खेळले, तेव्हा अठरापैकी निदान सहा होल्सवर माझी क्लबची, म्हणजे चेंडू मारायच्या काठीची, निवड साफ चुकली. कधी टी (पहिला फटका मारायची जागा) उंचावर आणि ग्रीन (झेंड्याभोवतालची बारीक हिरवळ) पायाखाली, तर कधी चेंडू दरीच्या तळाशी आणि झेंडा पार वर. स्कोअरकार्डावर छापलेले यार्ड अशा ठिकाणी फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून चढ-उताराचा हिशेब करून देणारं मॉडेल घेतलं. त्यानंतरच्या चार सहलींत मिळून एकवीस राऊंड त्याच्यासोबत झाले. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी बहुतेक या जातीच्या यंत्रांच्याच आहेत, आणि काही माझ्या स्वतःच्या.

एक शॉट अजून डोळ्यांसमोर आहे. पार थ्री (तीन फटक्यांत पुरा करायचा होल), टी उंच कड्यावर, खाली ओढ्याच्या पलीकडे ग्रीन. रोखून बटण दाबलं. सरळ अंतर 158 यार्ड, कोन उणे 8 अंश, आणि खाली मोठ्या आकड्यात 139. म्हणजे 139 यार्ड जाणारा क्लब घे. माझा 139चा क्लब म्हणजे फाइव्ह हायब्रिड. मनासारखी बसली, चेंडू थेट झेंड्याच्या रेषेत गेला आणि ग्रीन ओलांडून मागच्या गवतात शिरला. पुढच्या तीन राऊंडमध्ये उतारावरच्या प्रत्येक होलवर हेच झालं. चढावर नेमकं उलटं, चेंडू दरवेळी पाच-सहा यार्ड अलीकडे पडायचा. यंत्र बिघडलंय म्हणून परत करायच्या बेतात होते.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. लेझर अंतर मोजतो, आतला सेन्सर कोन मोजतो, ही दोन्ही मापं चोख असतात. पण त्यावरून क्लबचा आकडा काढायचा तर चेंडू कुठल्या कोनात खाली येतो हे धरावं लागतं, आणि यंत्र एक सरासरी धरून चालतं. ज्याचा चेंडू उंच जाऊन उभा खाली येतो, त्याला खालच्या ग्रीनवर थोडेच यार्ड जास्त मिळतात. माझा चेंडू बुटका. तिरका उतरत येतो, त्यामुळे जमीन जितकी खाली असेल तितका तो पुढे पुढे जातो. आता मी उताराच्या आकड्यातून आणखी सात-आठ यार्ड वजा करते आणि चढाच्या आकड्यात चार-पाच मिळवते. हे मागच्या खिशातल्या छोट्या वहीमुळे कळलं. प्रत्येक शॉटनंतर दोनच गोष्टी लिहायचे, यंत्र काय म्हणालं आणि चेंडू कुठे पडला. वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) मारताना मात्र यंत्राचा आकडा तसाच घेते, तिथे तो बरोबर येतो.

उंचीवरची हवा हा दुसरा विषय. विरळ हवेत चेंडू लांब जातो, ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे एक ते दोन टक्के. 2024 साली कोलोरॅडोतल्या कॅसल पाइन्सवर व्यावसायिक गोल्फपटूंची बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप झाली तेव्हा कोर्स 8,130 यार्डांचा मांडला होता. सहा हजार फुटांच्या वर साध्या लांबीचा कोर्स या खेळाडूंना आखूड पडला असता. काही यंत्रांत उंची आणि तापमान भरायची सोय असते, माझ्यात नाही. पहिल्या दिवशी सरावाच्या मैदानावर वीस चेंडू मारून मी माझा हिशेब लावते. त्यातही सकाळची थंडी लांबी थोडी खाते, म्हणून सातची वेळ आणि अकराची वेळ सारखी धरायची नाही. विरळ हवेचा एक फायदा कुणी सांगितला नव्हता. तिथे चेंडू वळतोही कमी. माझी स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जायची खोड) त्या दिवसांत बरीच सभ्य होते.

वारा तर यंत्राच्या गावीच नाही. दरीचं वेळापत्रक असतं. रात्रभर गारठलेली हवा उतारावरून खाली वाहते, ती सकाळी अजून खालीच चाललेली असते. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि वारा दरीतून वर यायला लागतो. म्हणजे तोच होल सकाळी पाठीवर वारा घेऊन खेळायचा आणि दुपारी तोंडावर. एका कॅडीने (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) हे पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. मी यंत्र डोळ्याला लावून उभी, आणि तो म्हणाला, "मॅडम, आकडा बरोबर आहे, पण झेंडा नका बघू, त्या झाडांचे शेंडे बघा." ग्रीन डोंगराच्या आडोशाला होतं, झेंडा निपचित. शेंडे मात्र चांगलेच वाकत होते. मी ऐकलं नाही. चेंडू ओढ्यात.

धुक्यात हे यंत्र निव्वळ वजन आहे. दरीत पहाटे गार हवा साचते, बऱ्याचदा तिच्याबरोबर धुकंही असतं. झेंडा मला अंधुक दिसत होता आणि यंत्र ठामपणे म्हणत होतं, 17 यार्ड. समोरच्या धुक्यावरूनच लेझर परतत होता. काचेवर दव बसलं की आकडे असेच नाचतात, म्हणून कोरडं फडकं बॅगला नाही, कमरेला अडकवते. झेंड्यामागे दाट झाडं असली की कधी कधी झाडाचंच अंतर येतं. दोनदा मोजून लहान आकडा धरायचा. थंडीत बॅटरीही मान टाकते. एकदा चौथ्या होलवर स्क्रीन फिकी पडली. बॅटरी काढून पाच मिनिटं मुठीत गरम केली तर उरलेला राऊंड चालली. सुटे लिथियम सेल विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावे लागतात. क्लबच्या मोठ्या पिशवीत टाकून देऊ नका.

कडेच्या चुंबकाचं कौतुक मीही पहिल्या महिन्यात सगळ्यांना ऐकवलं. गाडीच्या लोखंडी दांड्याला टक्कन चिकटतं, खिशात चाचपावं लागत नाही. मग एका उतरत्या, खाचखळग्यांच्या वाटेवर ते कधी गळून पडलं कळलंच नाही. तेराव्या होलवर हात दांड्याकडे गेला तर दांडा रिकामा. मागून येणाऱ्या चौघांनी आणून दिलं, कोपऱ्याला पोचा पडलेला. तेव्हापासून झिप असलेल्या पाकिटात ठेवते.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले ते सांगते, कारण ते उताराचं गणित नव्हे. अनोळखी कोर्सवर टीवर उभं राहिलं की कळत नाही, दरी ओलांडायला किती लागतात, उजवीकडचा बंकर (वाळूचा खड्डा) माझ्या ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या, टप्प्यात येतो का, पाणी कुठे सुरू होतं. झेंडा सोडून मी हेच मोजायला लागले. पलीकडच्या काठावरचा खडक 171 दाखवतोय आणि माझा ड्रायव्हर चांगल्या दिवशी हवेतून 175 जातो, हे कळलं की निमूट बाजूच्या फेअरवेकडे (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याकडे) वळायचं. या एका सवयीने पहिल्या सहलीच्या मानाने माझे चेंडू निम्म्याहून कमी हरवतात. शोधायला हल्ली तीनच मिनिटं मिळतात, आणि दरीत गेलेला चेंडू शोधायला तेवढीही खर्चावीशी वाटत नाहीत.

स्पर्धेत खेळणार असाल तर नियम बघून ठेवा. 2019पासून अंतर मोजायला मुभा आहे, स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर. पण उताराचं माप चालत नाही. ते वापरलं तर पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्यांदा थेट बाद. रिसॉर्टवरच्या पाहुण्यांच्या छोट्या स्पर्धेत माझ्या गटातल्या गृहस्थांनी पहिल्याच टीवर विचारलं, "उतार बंद आहे ना?" माझ्या यंत्रात ते मेनूत दडलेलं, मी उन्हात बटणं चाचपत राहिले आणि मागचे लोक ताटकळले. घेताना बाहेरून दिसणारा खटका असलेलंच घ्या. चष्मा वापरत असाल तर तो लावून दुकानातच डोळ्याला लावून बघा. माझ्यात चष्म्यासकट कडेचा अर्धा आकडा कापला जातो, आणि 139 की 189 याचा घोळ एकदा झालेला आहे.