मे महिन्यात विकावे की वर्षभर धरून ठेवावे?

शेअर बाजाराच्या परताव्यात महिन्यांनुसार फरक पडतो, ही केवळ दलालांची समजूत नव्हे. बाउमन आणि जेकबसन यांच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 37 पैकी 36 बाजारांत नोव्हेंबर ते एप्रिल या सहामाहीचा सरासरी परतावा मे ते ऑक्टोबरपेक्षा जास्त आढळला. त्यामुळे मे उजाडताच विकून नोव्हेंबरात परतावे, की निर्देशांक फंड (बाजाराच्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात धरणारा फंड) घेऊन वर्षभर स्वस्थ बसावे, हा प्रश्न रास्त आहे.

विकून बाहेर राहणाऱ्याला चढउतार कमी सोसावे लागतात, हा त्या मार्गाचा खरा लाभ. 19 ऑक्टोबर 1987 रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, तेव्हा असा गुंतवणूकदार बाजाराबाहेर असता. मात्र 2008 च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलअखेरीपर्यंत एसअँडपी 500 हा दुसरा अमेरिकी निर्देशांक सुमारे 10 टक्के घसरला आणि नंतरच्या सहा महिन्यांत 873 वरून 1036 वर गेला. म्हणजे वेळापत्रक निष्ठेने पाळणाऱ्याच्या पदरी घसरण पडली आणि सुमारे 19 टक्क्यांची वाढ मात्र हुकली.

माझ्या मते निर्णय फिरतो तो याच्याही पुढच्या हिशेबावर. मे ते ऑक्टोबरचा परतावा तुलनेने कमी असतो, याचा अर्थ तो उणे असतो असा नाही. समजा, त्या सहामाहीत शेअरमधून लाभांशासह 2 टक्के मिळाले आणि बाहेर काढलेल्या रकमेवर व्याज 1.5 टक्के, तर सरासरीचा कल अगदी खरा ठरूनही विकणारा मागेच राहतो. शिवाय दलाली दोनदा जाते आणि जेथे नफ्यावर कर आहे तेथे तो दरवर्षी भरावा लागतो, तर धरून ठेवणाऱ्याचा तोच कर लांबणीवर पडून ती रक्कम चक्रवाढीत राहते. व्याजदर चढे असताना आणि करमुक्त खात्यातून व्यवहार होत असतील, तरच हे पारडे विकणाऱ्याकडे थोडेफार झुकते.

लहान कंपन्यांचे शेअर जानेवारीत अधिक चढतात असे म्हणतात; ते त्या महिन्यासाठी घेण्याची तिसरी वाट मी सुचवणार नाही, कारण त्यांच्या खरेदी-विक्रीच्या भावांतील तफावतच बराचसा नफा खाते.

दीर्घ मुदतीच्या पैशासाठी म्हणूनच वर्षभर धरून ठेवणे मला सरस वाटते. ज्यांना येत्या वर्षभरात शेअरमधील हिस्सा तसाही कमी करायचा आहे, त्यांनी ती विक्री एप्रिलअखेरीस उरकावी. विक्रीचा खर्च एरवीही होणारच होता, त्यामुळे या कलाचा आधार घेताना त्यांना वेगळी किंमत मोजावी लागत नाही.