कॅप्सुलर टेन्शन रिंग किती भरवशाची?

कॅप्सुलर टेन्शन रिंग ही पीएमएमए या प्लास्टिकची, दोन्ही टोकांना बारीक छिद्रे असलेली उघडी कडी. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात उरणाऱ्या पातळ पिशवीच्या कडेला ती आतून बसवतात. नेहमीच्या एका मापाच्या कडीचा व्यास बाहेर १२.३ मिलिमीटर असतो आणि दाबल्यावर १० मिलिमीटरपर्यंत येतो. आत गेल्यावर कडी पुन्हा फाकू पाहते, त्यामुळे पिशवीची कड गोल ताणलेली राहते आणि पिशवीला डोळ्यात टांगून धरणाऱ्या तंतूंपैकी कमकुवत बाजूच्या तंतूंवरचा भार इतर सशक्त तंतूंमध्ये वाटला जातो. स्यूडोएक्सफोलिएशन (डोळ्यात कोंड्यासारखे कण साचून हे तंतू दुबळे होण्याचा विकार) असलेल्या किंवा मार लागलेल्या डोळ्यांत शस्त्रक्रिया चालू असताना मिळणारा हा आधार मला अमूल्य वाटतो, आणि त्या कामापुरते या कडीला मी पूर्ण गुण देईन.

प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. शस्त्रक्रिया कितीही सफाईदार झाली तरी पिशवीच्या पुढच्या पडद्याला आतून चिकटलेल्या आणि कडेला दडलेल्या काही एपिथेलियल पेशी मागे राहतातच. जखम भरताना टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या संकेताने पुढच्या पडद्यावरील पेशी आपले रूप बदलतात, स्नायूपेशींसारखे आकुंचन पावणारे अ‍ॅक्टिनचे धागे तयार करतात, कोलाजेन साठवतात आणि मोतीबिंदू काढण्यासाठी त्या पडद्यात केलेले गोल छिद्र आतल्या बाजूला ओढू लागतात. नेत्रतज्ज्ञ डेव्हिसन यांनी १९९३ मध्ये कॅप्सूल आकुंचनाचा सिंड्रोम म्हणून वर्णिलेली स्थिती हीच. ओढ सर्व बाजूंनी सारखी नसेल तर पिशवीत बसवलेले कृत्रिम भिंग एका बाजूला सरकते किंवा कलते. आधीच दुबळ्या तंतूंवर ही ओढ दीर्घकाळ राहिली तर ते तुटत जातात आणि अखेर पिशवीसकट भिंग खाली घसरते. कडेच्या पेशी मात्र वाढत राहून सोमरिंगचे कडे, म्हणजे पेशींचा वलयाकार साठा, बनवतात आणि पिशवी जड करतात.

कडी या ओढीला विरोध करते, पण पेशींचे काम बंद पाडत नाही. कडी बसवलेली पिशवीदेखील भिंगासह उशिरा निखळल्याच्या नोंदी आहेत, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. म्हणून मी कडीइतकेच महत्त्व छिद्र फार लहान न ठेवण्याला, पुढच्या पडद्याच्या आतून पेशी काळजीपूर्वक पुसून काढण्याला आणि आकुंचन दिसताच यॅग लेसरने छिद्राच्या कडेला वेळेवर छेद देण्याला देतो. चौकोनी कडेचे अ‍ॅक्रिलिक भिंग मागच्या पडद्यावर येणाऱ्या पेशींना अडवते. पुढच्या पडद्याच्या ओढीवर तेवढ्याने भागत नाही.

पुढचा किंवा मागचा पडदा फाटलेला असेल तर ही कडी वापरू नये. तंतूंचा मोठा भाग निकामी असेल, तर डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणाला (स्क्लेराला) टाक्याने बांधता येणारी, १९९८ मध्ये नेत्रतज्ज्ञ सिओनी यांनी मांडलेली सुधारित कडी अधिक योग्य. साध्या कडीचा उशिराचा एक फायदा मात्र आवर्जून नोंदवतो: पिशवी पुढे निखळलीच, तर कडीभोवती टाका घालून सगळा संच पुन्हा जागेवर बांधण्याची शक्यता उरते.