पाणी धरणारी पावडर आणि पाण्यात गेलेले 26,500 रुपये

लिहू का नको करत दोन वर्षं गेली, घरात आधीच पुरेशी शोभा झालीय. पण शेजारच्या गावात तसलीच पावडर विकायला आले असं कानावर आलं, मग राहवलं नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. पाच एकर काळं वावर, विहीर, तीन एचपीची मोटर. 2023 चा ऑगस्ट आठवतो ना? शंभर वर्षांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नाही म्हणत होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ऐन पात्यावर (कळ्या धरायच्या वेळेला), भेगा अशा की अख्खं बोट आत जाई, विहीर दीड तासात कोरडी आणि लाइन रात्रीची. असल्याच वेळी ही माणसं येतात, बरोबर वास लागतो त्यांना.

हा पांढऱ्या गाडीतून आला, गळ्यात कार्ड, इस्त्रीचा शर्ट. ओसरीवर बसून स्वतःच्या काचेच्या ग्लासात चिमूटभर पावडर टाकली, पाच-दहा मिनिटांत जेली, ग्लास उलटा केला तरी थेंब पडेना. आता मी काही अडाणी नाही, पाणी शोषून फुगणारं हायड्रोजेल खरंच असतं, दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेलं मी वाचलं होतं, आणि म्हणूनच तर फसलो, काही माहीत नसतं तर चहा पाजून वाटेला लावला असता. एकरी चार किलो धरून 20 किलो, 29,000 चे "फक्त तुमच्यासाठी" 26,500. त्यातले 10,000 फोनवरून, 16,500 रोख. पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं, ते अजून येतंच आहे.

आता पुढचं सांगताना अजून कानशिलं तापतात. संध्याकाळी थैल्या उतरवताना एक उसवलेली निघाली, मूठभर पावडर म्हशीच्या बादलीत सांडली. बायको म्हणे, "अहो, हे तं फुगतच नाही, तळाला बसलं." मी हात घातला तर बोटांना बारीक रेती लागावी तसं लागलं, बुळबुळीतपणा नाही, काही नाही. तिथंच कळायला पाहिजे होतं, त्या बादलीपाशी! आणि मी काय म्हणालो, तर "मातीत गेल्यावर काम करते ती, तुला काय समजते." पैसे देऊन दोन तास झाले नव्हते हो, कोणत्या तोंडानं म्हणणार होतो की गंडलो? त्यातल्या त्यात ती बादली तरी ठेवायची, तीही ओतून दिली.

पावडरचे गेले ते गेलेच, खरा मार पुढं बसला. तो म्हणाला होता एकदा ओलित करा, मग 25 दिवस मोटरला हात लावू नका. मी लावला नाही. पात्या-फुलाच्या वेळेला ताण पडला, झाडाखाली पात्यांचा सडा. (खरं हायड्रोजेलसुद्धा दिलेलं पाणी धरतं, नवीन तयार करत नाही, एवढं तरी डोक्यात यायला पाहिजे होतं.) सप्टेंबरात पाऊस आला, झाडं हिरवी झाली, तर मी त्याला फोन करून थँक्यू म्हणालो, हेही सांगून टाकतो. ऑक्टोबरात बोंडं भरायच्या वेळेला परत दोन पाणी टाळली. बोंडं बारीक राहिली, पानं लाल पडली. शेजाऱ्याचंही वावर पाच एकर, विहीर माझ्यासारखीच, त्यानं एक सरी सोडून एक सरी पाणी दिलं, 36 क्विंटल काढला. मला 21. आदल्या वर्षी मला 38 झाला होता. 6,800 चा भाव धरला तर त्या 17 क्विंटलचे 1,15,600 रुपये झाले.

तक्रार? तालुक्याच्या ऑफिसात साहेब म्हणाले हे खत नाही, बियाणं नाही, औषध नाही, आमच्यात बसत नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले सीलबंद नमुना आणा. अरे, पावडर वावरात टाकायला घेतली होती का सील करून देव्हाऱ्यात ठेवायला? तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. पोलिसांत गेलो तर बिल कुठंय, आणि रोख दिले त्याला पुरावा काय. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी विचारलं पैसे कधी गेले, मी म्हणालो चार महिने झाले, पलीकडून दोन सेकंद आवाजच नाही. तेव्हा फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच दिवशी लावा, लाजत बसू नका. जाण्यायेण्यात माझे 1,840 आणखी गेले. एका बाबूनं वर ऐकवलं, "शिकलेले दिसता, तरी?" ते वाक्य 26,500 पेक्षा जास्त लागलं.

त्याच्या ग्लासात पाहूच नका. थैली तुम्ही निवडा, मधली, तुम्हीच फोडा आणि आपल्या तांब्यात टाका. एक थैली फोडायचीच नाही, ठेवून द्या. आणि बायको बादलीकडं बोट दाखवत असेल तर निदान वाकून बघा.

त्याचा नंबर मी डिलीट केला नाही. तेव्हा डीपीवर बोंडांनी लदलेली पऱ्हाटी होती, काल पाहिलं तर मिरचीचं शेत आहे.