शनिवारचा युरोप वर्ग, नौपाडा (ठाणे): पाचपैकी तीन

यूपीएससी करणाऱ्यांसाठीचा हा वर्ग ठाणे स्टेशनवरून चालत गाठता येतो. संस्थांचा भाग झकास. युरोपीय परिषद, मंत्रिपरिषद आणि कौन्सिल ऑफ युरोप यांतला नेहमीचा गोंधळ पहिल्याच तासात मिटतो. फी तिथेच वसूल.

गडबड आहे ती वादाच्या प्रश्नांत. दोन बाजू लिहा, शेवटी 'समतोल मत' द्या, एवढाच साचा. टिपणांतल्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या, पानावर दोन्हीकडे माथेफिरू आणि मध्ये शहाणे लोक. पण २०१६ च्या सार्वमतात हरली ती या शहाण्यांचीच 'संघात राहा' मोहीम. युरोपात राहून काय बदलू, हे तिने फारसं सांगितलंच नाही. बाहेर पडलात तर २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका, हा ब्रिटिश अर्थखात्याचा आकडा मात्र पुढे केला. जे भाग आधीच खंगले होते, त्यांना तोट्याची कसली धास्ती? ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने गेली.

पुढचं पान म्हणतं, तडजोड टोकाच्या गटांनी मोडली. हे अर्धसत्य. १ एप्रिल २०१९ ला ब्रिटिश संसदेत, बाहेर पडूनही युरोपशी सीमाशुल्क संघ ठेवण्याचा तडजोडीचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी पडला. मध्यममार्गी म्हणून नुकत्याच निघालेल्या 'इंडिपेंडंट ग्रुप' या खासदारांच्या गटाने त्याला पाठिंबा दिला नाही. त्यांना दुसरं सार्वमत हवं होतं. दोन महिन्यांत, चेंज यूके या नावाने लढलेल्या युरोपीय निवडणुकीत, त्यांना एकही जागा मिळाली नाही.

ग्रीसला जेमतेम चार ओळी! ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात सरकारने कडक अटी मान्य केल्या. फ्रान्सने २००५ च्या सार्वमतात युरोपीय संघाच्या राज्यघटनेचा करार ५४.७ टक्क्यांनी फेटाळला. त्यातलं बरंचसं पुढे संघाच्या लिस्बन करारात आलं, तेही फ्रेंच सार्वमताशिवाय. संघाने सदस्य देशांच्या सरकारी तुटीला घातलेली जीडीपीच्या ३ टक्क्यांची मर्यादा हा राजकीय निर्णय, पण टिपणांत तो गणिताच्या सूत्रासारखा छापलाय. धोरण चर्चेबाहेर ठेवलं की मतदाराच्या हाती राहायचं की निघायचं एवढाच प्रश्न उरतो. मध्यममार्गाची खरी चूक हीच, आणि ती इथे कुणी शिकवत नाही.

मुख्य परीक्षेच्या २५० शब्दांच्या उत्तरात 'समतोल' परिच्छेदाऐवजी भार कुणावर, निर्णय कुणाचा, मत कुठे विचारलं, या तीन मुद्द्यांना साठेक शब्द द्यावेत. तक्ते आणि नकाशे मात्र या वर्गाचेच वापरा, बाजारात इतके नीट मिळत नाहीत.